ब्राझीलचा माणूस तिशीनंतर इंग्रजी कसं शिकतो, आणि पैसे नेमके कशाचे देतो?



बॅच कुठलीही असो, एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, मला इंग्रजी येत नाही. आधी स्पोकन इंग्लिशचा क्लास करू का, मग धंद्याचं बघू?" विचारणारा पस्तिशीच्या आसपासचा असतो. हाताशी साठ-सत्तर हजार साठवलेले असतात आणि त्यातले वीस हजार क्लासवाल्याला द्यायच्या बेतात असतो. म्हणजे प्रश्न भाषेचा वाटतो, पण खरा विषय भांडवलाचा आहे. त्या वीस हजारांत सुरुवातीचा माल येतो.

परवाच्या व्हिडिओत मी याचं उत्तर देताना ब्राझीलचा उल्लेख केला होता. बारा मिनिटांत सगळं मावलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ब्राझीलच का? कारण तिथे हा प्रश्न आपल्यापेक्षा जास्त स्वच्छ दिसतो. २०२२ च्या जनगणनेनुसार त्या देशात वीस कोटींहून थोडे जास्त लोक आहेत आणि सगळा कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो. बँक, कोर्ट, टॅक्सचा फॉर्म, घाऊक बाजार, टीव्हीवरच्या मालिका, फुटबॉलची कॉमेंट्री, सगळं पोर्तुगीज. शेजारीही बहुतेक स्पॅनिश बोलणारे. अख्ख्या दक्षिण अमेरिकेत इंग्रजी ही राज्यभाषा असलेला स्वतंत्र देश एकच, गयाना, आणि तोही छोटासा. थोडक्यात, ब्राझीलमध्ये इंग्रजीशिवाय माणूस जन्मभर उत्तम धंदा करू शकतो, आणि करोडो लोक करतात. तरीही तिथे मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवण्याचा धंदा इतका मोठा आहे की त्यातून अब्जाधीश तयार झाले. मग गरज नसताना लोक पैसे कशाचे देतात? हे कळलं की आपले वीस हजार कुठे घालायचे तेही कळतं.

आणि पोर्तुगीज म्हणजे आपल्याला अगदीच परकी भाषा नाही बरं का. माझं भांड्यांचं दुकान आहे. त्यातलं घमेलं, बादली आणि पिंप ही तिन्ही नावं पोर्तुगीजवरून आलेली. दुकानाची चावी पोर्तुगीज, पोराला देते तो पगार पोर्तुगीज, बाजारातला लिलावही पोर्तुगीज. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी हे शब्द कुठल्या क्लासला जाऊन शिकलेले नाहीत. माल आला, त्याबरोबर नाव आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शाळेत शिकून का येत नाही?

ब्राझीलमध्ये कुणालाही विचारा, शाळेतलं इंग्रजी म्हटलं की एक वाक्य सांगून हसतील: "द बुक इज ऑन द टेबल." वर्षानुवर्षं शिकून एवढंच हाती लागलं, असा त्या विनोदाचा अर्थ. तिथे सहावीपासून इंग्रजी सक्तीचं झालं ते २०१७ च्या कायद्याने. त्याआधी एक परकी भाषा शिकवायची एवढंच बंधन होतं, कुठली ते शाळेवर. २०१४ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने तिथला एक अहवाल काढला. त्यात सोळा वर्षांवरच्या लोकांपैकी फक्त पाच टक्क्यांच्या आसपास लोकांनी 'आम्हाला थोडंफार इंग्रजी येतं' असं सांगितलं. थोडंफार हं, अस्खलित नव्हे.

याचा फटका मोठ्या ठिकाणीही बसला. २०११ मध्ये तिथल्या सरकारने हजारो विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठवायची योजना काढली. आता हुशार मुलांनी कुठे अर्ज करावेत? पोर्तुगालला! कारण तिथे इंग्रजीची परीक्षा नको. शेवटी २०१३ मध्ये सरकारला पोर्तुगाल हा पर्यायच यादीतून काढावा लागला आणि विद्यापीठांत इंग्रजीचे वेगळे वर्ग उघडावे लागले. इंजिनिअरिंगच्या पोरांची ही गत, तर दुकानदाराने लाज वाटून घ्यायचं काही कारणच नाही.

सगळ्या पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत असंच आहे असं मात्र नाही. पोर्तुगालमध्ये इंग्रजी सिनेमे डब करत नाहीत, खाली पोर्तुगीज ओळी देतात, त्यामुळे लहानपणापासून कानावर पडतं आणि तिथल्या तरुणांचं इंग्रजी चांगलं असतं. ब्राझीलच्या टीव्हीवर सगळं डब करून येतं. मोझांबिकची गोष्ट आणखी वेगळी. त्याला लागून सहा देश आहेत आणि सहाही ठिकाणी इंग्रजी ही राज्यभाषा आहे. मापुतोच्या बायका दक्षिण आफ्रिकेतून माल आणून विकतात, त्यांना तिथे 'मुखेरिस्ता' म्हणतात. बिल, कस्टमचा कागद, समोरचा घाऊक व्यापारी, इंग्रजी येतं ते या वाटेने. आपल्या गोव्यातही पोर्तुगीज राज्य असताना इंग्रजी शाळा निघाल्या होत्या, कारण नोकरी मुंबईत होती आणि जहाजांवर होती. १९६१ नंतर तर सरकारी कागद इंग्रजीत गेला आणि पोर्तुगीजमध्ये शिकलेल्या कारकुनांना आणि वकिलांना मोठेपणी नव्याने इंग्रजी धरावं लागलं.

म्हणजे भाषा गरजेमागून येते. ब्राझीलमध्ये रोजची गरज नाही, म्हणून ती क्लासमधून विकत घ्यावी लागते.

लाजेची किंमत

ब्राझीलमध्ये एक मजेदार शब्द आहे, 'एम्ब्रोमेशन'. पोर्तुगीजमध्ये 'एम्ब्रोमार' म्हणजे थापा मारून वेळ मारून नेणे. त्याला इंग्रजी शेपूट लावलं. येत नसताना इंग्रजी येत असल्याचा आव आणायचा, गाणं गुणगुणताना भलतेच शब्द घुसवायचे, बायोडेटात 'इंग्रजी: मध्यम' लिहायचं, हे सगळं एम्ब्रोमेशन. ज्या भाषेत अशा थापेला खास शब्द आहे, तिथे लाज किती मोठी असेल बघा.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फुटबॉलचे कोच जोएल सांताना. २००८ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय टीमचे कोच झाले. वय साठीच्या जवळ. इंग्रजी मोडकंतोडकं. २००९ च्या कॉन्फेडरेशन्स कपच्या वेळी त्यांनी टीव्हीला इंग्रजीत मुलाखत दिली. शब्द अर्धे पोर्तुगीज, उच्चार पूर्ण पोर्तुगीज, हातवारे भरपूर. ती क्लिप ब्राझीलभर फिरली आणि अख्खा देश हसला. पण त्याच स्पर्धेत त्यांची टीम सेमीफायनलला पोहोचली आणि खुद्द ब्राझीलशी फक्त एका गोलने हरली. पुढे सामने हरत गेले म्हणून त्यांचं ते काम गेलं, पण इंग्रजीमुळे गेलं नाही. आणि गंमत पुढेच आहे. ब्राझीलला परतल्यावर त्याच मोडक्या इंग्रजीवर त्यांना जाहिराती मिळाल्या. हेड अँड शोल्डर्स शॅम्पू, पेप्सी. लोक ज्यावर हसले तेच त्यांनी विकलं!

आता प्रत्येकाला शॅम्पूची जाहिरात मिळणार नाही, हे मलाही कळतं. सांगायचं एवढंच की माणूस परदेशात जाऊन, शंभर-दीडशे शब्दांच्या जोरावर, अकरा खेळाडूंकडून काम करून घेत होता. खेळाडूला 'डावीकडे धाव' एवढं कळलं की झालं. घरी बसून हसणाऱ्यांपैकी किती जणांनी ते काम घेतलं असतं?

मोठ्या माणसाचं इंग्रजी अडतं ते इथे. मूल चुकलं तर कौतुक होतं, चाळिशीचा माणूस चुकला तर समोरचा ओठ दाबून हसतो. तिथल्या क्लासवाल्यांनी ही गोष्ट बरोबर हेरली. ते सांगतो पुढे, पण त्याआधी भाषेची अडचण खरंच किती आहे ते बघू. हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

त्यांचं कुठे अडतं

पोर्तुगीजमध्ये, म्हणजे ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये, शब्दाच्या शेवटी क, ग, प, ट असे पाय मोडलेले आवाज नकोसे असतात. मग शेवटी एक छोटा 'इ' चिकटतो. फेसबुक होतं 'फेसीबुकी'. त्यातही 'टि' आला की त्याचा 'ची' होतो आणि 'डि'चा 'जी'. म्हणून इंटरनेट होतं 'इंतेर्नेची'. शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'चा उच्चार 'ह' असा करतात. आपण ज्याला रोनाल्डो म्हणतो तो तिथे 'होनाल्दू'. त्यामुळे रॉक संगीत तिथे चक्क 'हॉकी' होतं. आणि सुरुवातीला 'स'ला दुसरं व्यंजन जोडून आलं की आधी 'इ' लागतो: स्टॉपचं 'इस्टॉपी'. हे वाचून हसू नका, आपल्याकडे 'इस्टेशन' आणि 'इस्कूल' म्हणणारे आजोबा घरोघरी होते. दोन भाषा, सात समुद्र मधे, आणि जीभ तिथेच अडखळते.

वाक्यातही तसंच. 'महाग आहे' म्हणताना आपण 'ते' लावत नाही. पोर्तुगीजमध्येही लावत नाहीत. म्हणून तिथला शिकणारा 'इट' गाळून नुसतं 'इज एक्स्पेन्सिव्ह' म्हणतो. आपलाही हमखास तसंच म्हणतो. प्रश्न विचारताना ते वाक्य तसंच ठेवून फक्त सूर वर नेतात, त्यामुळे 'डू' आणि 'डझ' कुठे घालायचं ते त्यांना लवकर सापडत नाही. वय सांगताना पोर्तुगीजमध्ये 'माझ्याकडे तीस वर्षं आहेत' अशी रचना, म्हणून इंग्रजीत 'आय हॅव थर्टी इयर्स'. चूक आहे, पण ऐकणाऱ्याला तुमचं वय कळतंच ना? गिऱ्हाईक यामुळे परत जात नाही.

गिऱ्हाईक परत जाऊ शकतं ते फसव्या शब्दांमुळे. दुकानदारांनी हे खास वाचा. ब्राझीलच्या दुकानाच्या काचेच्या दारावर लिहिलेलं असतं 'पुशी'. ऐकायला अगदी इंग्रजी 'पुश' वाटतं. पण अर्थ उलटा, 'ओढा'! इंग्रजी बोलणारा पर्यटक दार ढकलत बसतो आणि ब्राझीलचा माणूस परदेशात 'पुश' लिहिलेलं दार ओढत बसतो. दुसरा शब्द 'प्रेतेंदेर'. पोर्तुगीजमध्ये अर्थ 'माझा विचार आहे, मी करणार आहे'. त्याच्यासारखाच दिसणारा इंग्रजी शब्द 'प्रिटेंड', म्हणजे नाटक करणे, सोंग आणणे. आता समजा सप्लायरला सांगितलं, 'आय प्रिटेंड टु पे ऑन मंडे.' सोमवारी पैसे द्यायचं नाटक करणार! उधारी मिळेल का? आणखी एक, तिथे 'आउटडोअर' म्हणजे रस्त्यावरचं जाहिरातीचं होर्डिंग आणि 'शॉपिंग' म्हणजे मॉल. इंग्रजीच शब्द, अर्थ त्यांचा स्वतःचा.

पण फायदेही दणदणीत आहेत. पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्हींत लॅटिनवरून आलेले हजारो शब्द आहेत. 'इन्फॉर्मासांऊ'चं इन्फर्मेशन, 'प्रोमोसांऊ'चं प्रमोशन. 'क्वालिदाजी'चं क्वालिटी. शेवटचा तुकडा बदलला की शब्द तयार. एका संध्याकाळी ही किल्ली हातात दिली तर माणसाला शेकडो शब्द मिळतात, आणि तिथले चांगले शिक्षक पहिल्याच आठवड्यात ती देतात. मोठ्या माणसाला यासारखा धीर नाही. आपण शून्यावर नाही, हे त्याला दिसतं.

तुम्हीही शून्यावर नाही. बिल, रेट, स्टॉक, ऑर्डर, पार्सल, सॅम्पल, डॅमेज, रिटर्न, क्रेडिट, पार्टी, मार्जिन, डिस्काउंट, वॉरंटी, साइज. हे सगळे शब्द तुमच्या तोंडात आत्ताच आहेत. कमी आहे ती त्यांना जोडणारी दहा-वीस क्रियापदं आणि बोलायची सवय.

ज्याला इंग्रजी येत नव्हतं त्याने इंग्रजीचे क्लास काढले

आता धंद्याची बाजू. ब्राझीलमध्ये इंग्रजीच्या खाजगी शाळा जुन्या आहेत. 'कुल्तुरा इंग्लेझा' ही संस्था १९३४ सालची. पण या जुन्या शाळांचे कोर्स बहुतेक मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आणि वर्षानुवर्षं चालणारे. आईवडील फी भरतात, पोरगं जात राहतं.

१९९५ मध्ये रिओ द जनेरोत फ्लाव्हिओ ऑगुस्तो दा सिल्वा या तेवीस वर्षांच्या मुलाने 'वाइज अप' नावाची शाळा काढली. शहराच्या कडेच्या साध्या वस्तीतला मुलगा. एकोणीस वर्षांचा असल्यापासून तो दुसऱ्याच्या इंग्रजी क्लासचे कोर्स विकत होता. घरी फोन नव्हता, म्हणून सांतोस दुमोंत विमानतळावरच्या सार्वजनिक फोनवरून गिऱ्हाइकांना फोन लावायचा. आणि मुख्य गोष्ट, शाळा काढली तेव्हा त्याला स्वतःला इंग्रजी येत नव्हतं.

मग त्याच्याकडे होतं काय? चार वर्षं रोज लोकांचे नकार ऐकल्यामुळे मोठा माणूस क्लासला का येत नाही, हे त्याला पाठ झालं होतं. वेळ नाही. पोरांच्या शेजारी बाकावर बसायची लाज वाटते. सात वर्षं कोण थांबणार, मला प्रमोशन यंदा हवंय. त्याने उत्तर तयार केलं: फक्त मोठ्यांसाठी वर्ग, नोकरी-धंद्यातले विषय, आणि अठरा महिन्यांची मुदत. शिकवायला शिक्षक ठेवले. म्हणजे इंग्रजी तेच, पुस्तकातलं. विकलं ते मुदतीचं आश्वासन आणि शेजारी आपल्याच वयाचा माणूस.

भांडवल? बँकेचा ओव्हरड्राफ्ट, वीस हजार रेआल, महिना बारा टक्के व्याजाने. म्हणजे नुसतं व्याज महिन्याला चोवीसशे. ही गोष्ट मोटिव्हेशनच्या भाषणांत फार टाळ्या घेते. माझ्या बॅचमधल्या कुणी असं करायचं म्हटलं तर मी त्याचा हात धरीन. एकाची गोष्ट आपल्यापर्यंत येते. त्याच व्याजात बुडालेल्यांची येत नाही.

पुढचे आकडे ऐका. २०१३ मध्ये त्याने ती कंपनी ८७.७ कोटी रेआलला विकली. नव्या मालकांना ती नीट झेपली नाही आणि २०१५ मध्ये त्यानेच ती ३९.८ कोटींना परत घेतली. निम्म्याहून कमी भावात आपलंच दुकान परत! दुसरं नाव कार्लोस मार्टिन्स यांचं. तरुणपणी मिशनऱ्यांकडून इंग्रजी शिकलेला माणूस, नोकरी करता करता घरी सहकाऱ्यांना शिकवू लागला आणि १९८७ मध्ये कॅम्पिनास शहरात 'विझार्ड' ही शाळा काढली. फ्रँचायझी देत देत देशभर पसरला. २०१३ च्या अखेरीस पिअर्सन या ब्रिटिश कंपनीने तो सगळा समूह जवळजवळ १९५ कोटी रेआलला घेण्याचा करार केला. घराच्या हॉलमध्ये सुरू झालेल्या शिकवणीची ही किंमत.

ज्यांना स्वतःचा कुठलाही क्लास काढायचाय, शिवणाचा, केकचा, अकाउंटिंगचा, त्यांनी या भागाकडे पुन्हा एकदा बघावं. गिऱ्हाईक विषय विकत घेत नाही. 'मार्चपर्यंत मला स्वतःचं जीएसटी रिटर्न भरता येईल' हे तो विकत घेतो.

अठरा महिन्यांचा हिशोब

आता गिऱ्हाईक म्हणून विचार करू, कारण तुमच्यातले बरेच जण फी भरणाऱ्या बाजूला आहेत.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या धरतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. केंब्रिजची परीक्षा घेणारी संस्था सांगते की दुसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे साधी ओळख, खरेदी, पत्ता विचारणं जमेपर्यंत, शिक्षकासमोर बसून १८० ते २०० तास लागतात. तिसऱ्या पायरीला, म्हणजे प्रवासात आणि कामावर धकवून नेता येईल तिथपर्यंत, ३५० ते ४०० तास. चौथ्या पायरीला, मीटिंगमध्ये बऱ्यापैकी मोकळं बोलता येईल तिथे, ५०० ते ६०० तास. हे सुरुवातीपासूनचे एकूण तास आहेत.

आता कागद घ्या. आठवड्याला तीन तासांचा क्लास, दीड वर्ष, म्हणजे ७८ आठवडे. एकही सुट्टी न घेता २३४ तास. दुसरी पायरी ओलांडली, तिसरी अजून लांब. तीन महिन्यांचा क्लास धरला तर? तेरा आठवडे, रोज एक तास, आठवड्याला सहा दिवस, ७८ तास. दुसऱ्या पायरीच्या निम्म्यावरही नाही. मग 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' हा बोर्ड ब्राझीलमध्ये असो की आपल्या स्टँडसमोर, तासांचं गणित दोन्हीकडे सारखंच. बाकीचे तास तुम्हाला क्लासबाहेर काढावे लागतात, आणि दुकान उघडं असेल तर ते काढणं सोपं जातं. गिऱ्हाईक हाच सराव.

२०१४ च्या वर्ल्डकपआधी ब्राझील सरकारने नेमकं हेच केलं. टॅक्सीवाले, हॉटेलचे वेटर, रिसेप्शनवरचे लोक यांच्यासाठी 'प्रोनाटेक कोपा' नावाने फुकट कोर्स काढले, त्यात इंग्रजीचेही होते. पाहुणे ठरलेल्या महिन्यात येणार होते. टॅक्सीवाल्याला सहा पायऱ्या चढवायला वेळच नव्हता. ज्याचं जे काम, त्या कामाचं इंग्रजी. तिथे 'सेनाक' ही १९४६ पासूनची मोठी संस्था आहे, दुकानदारी आणि सेवाक्षेत्रातल्या लोकांना शिकवणारी, आणि मालकांच्या वर्गणीवर चालणारी. कामापुरती भाषा हा तिच्यासाठी रोजचा विषय.

कोपाकबानाच्या किनाऱ्यावर खुर्ची-छत्री भाड्याने देणाऱ्या माणसाचा विचार करा. त्याला किती वाक्यं लागतील? किती जण? किती वेळ? खुर्ची इतक्याला, छत्री इतक्याला. पैसे आधी. नारळपाणी गार आहे. सामानावर लक्ष ठेवतो. कार्ड चालेल. उद्या पुन्हा या. फार तर पंचवीस-तीस. आकडा न कळला तर मोबाइलवर टाइप करून दाखवायचा. ही तीस वाक्यं पक्की झाली की त्याचा धंदा इंग्रजीत सुरू झाला.

तुमची तीस कोणती? आठवडाभर काउंटरवर एक वही ठेवा. जिथे जिथे इंग्रजीवाचून अडलं तिथे मराठीत लिहा: फोनवर कुरिअरवाला काय म्हणाला, ऑनलाइन ऑर्डरचा कुठला मेसेज कळला नाही, परप्रांतातल्या सप्लायरला काय सांगायचं राहून गेलं. आठवड्यानंतर वही बघा. बहुतेकांच्या वहीत पंधरा-वीस ओळी भरतात. काहींची वही कोरी राहते, आणि मग क्लासचे वीस हजार त्यांनी सरळ मालात घालावेत. ज्यांची भरते त्यांनी क्लासवाल्याकडे ती वही घेऊनच जावं आणि विचारावं, "हे शिकवाल का, किती दिवसांत?" चांगला शिक्षक वही हातात घेईल. दुसरा तुम्हाला हिरव्या रंगाचं माहितीपत्रक देईल.

एक्स्पोर्ट करणारे, आयटीवाल्यांना माल देणारे, परदेशी पर्यटकांच्या गावात होम स्टे चालवणारे, यांचं गणित वेगळं. त्यांना तिसरी-चौथी पायरी लागतेच, तिथे कंजूषी करू नका. पण धंदा सुरू ठेवून शिका.

फी भरण्याआधी

ब्राझीलमधल्या क्लासच्या धंद्यात एक खुबी आहे. महिन्याची फी कमी दिसते, पुस्तकांचा सेट वेगळा आणि महाग. बऱ्याच साखळ्यांमध्ये मूळ कंपनीची कमाई या पुस्तकांच्या किमतीतच बसवलेली असते. म्हणून दर लेव्हलला नवा सेट, जुना चालत नाही. तुम्ही शिकणारे असाल तर पूर्ण कोर्सची फी अधिक सगळे सेट मिळून किती, हा एकच आकडा लेखी मागा. मधेच सोडलं तर किती परत मिळणार, तेही त्याच कागदावर. तिथल्या ग्राहक कायद्यात, १९९० पासून, एक चांगली सोय आहे: करार दुकानाबाहेर झाला असेल, म्हणजे फोनवर, घरी येऊन किंवा ऑनलाइन, तर सात दिवसांत रद्द करून सगळे पैसे परत मागता येतात. 'आजच भरा, उद्या ऑफर संपली' म्हणणाऱ्या सेल्समनवर हा उतारा. आपण तो स्वतःपुरता करू शकतो: पैसे त्या दिवशी भरायचेच नाहीत, कागद घरी आणायचा, आठवडा जाऊ द्यायचा.

आणि तुम्ही फ्रँचायझी घेणारे असाल तर उलटा हिशोब करा. पुस्तकं तुम्हाला कितीला पडणार, विकायची कितीला, न खपलेली परत घेणार का, शिक्षकाचा पगार कुणाच्या खिशातून. ब्राझीलमध्ये फ्रँचायझीचा कायदा १९९४ पासून आहे, २०१९ मध्ये तो नव्याने केला. त्यानुसार कंपनीने सगळी माहिती, फी, चालू कोर्टकेसेस, सध्याच्या आणि सोडून गेलेल्या फ्रँचायझीवाल्यांची यादी, असं सगळं कागदावर द्यायचं, आणि तेही सही करायच्या किंवा पैसे घ्यायच्या किमान दहा दिवस आधी. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. त्यामुळे ही यादी कुणी आपणहून देणार नाही, तुम्हीच मागायची. सोडून गेलेल्यांचे नंबर मिळाले तर चालू असलेल्यांच्या आधी त्यांना फोन करा.